खानापूर, दोन

कंडक्टर हिंदीत विचारतो, कुठून आलात?
इनास कानडीत म्हणतो, खानापूर, दोन.
मी सुटे मोजते, मराठीत.

अमाला म्हणाली, आधीच मूठभर आपण,
एकेक असं निघून गेलं तर
परत जायचं कुणी?

त्याच्या आजीला परतायचं गावच ठाऊक नाही.
जहाजातून उतरवलं, रानात शिरलो, एवढंच सांगते.
तिला ल्हामो म्हणता येत नाही, लामण म्हणते.
माझे केस चाचपून बघितले:
सुळसुळीत. हिच्यात फणी थांबायची नाही.
आणि तोंड फिरवून चूल फुंकत बसली.

थंडी सरली. स्वेटरचे गठ्ठे बांधून झाले.
एक टोपी मी वेगळी ठेवलीय, तळहाताएवढी.
दोन्ही घरी अजून बोललो नाही.
विणताना चार टाके जास्त घातले,
केस इनासवर गेले तर.