नऊने भाग जातो का

सकाळी सातला कॉलेज, बी.कॉम. तिसरं वर्ष,
हजेरी लागते आणि पंखा फिरत नाही.
दहाला इतवारी,
लोहकरे अँड असोसिएट्सचा अंधारा जिना.
वर पोचले की मी आर्टिकल,
म्हणजे व्हाउचरवर टिक मारणारा हिरवा पेन
आणि महिन्याला स्टायपेंड,
जो सक्करदऱ्याच्या अभ्यासिकेतल्या खुर्चीला पुरतो,
कुलरसमोरच्या खुर्चीला नाही.

बारावीपर्यंत मी घसारा म्हणायचे.
यंत्र दर वर्षी बोटभर खाली घसरतंय
असं डोळ्यांपुढे यायचं.
मग डेप्रिसिएशन झालं,
यंत्र दिसेना, टक्के दिसू लागले.
कीर्द, खतावणी, तेरीज, बुडीत कर्ज,
एकेकीला नवं नाव पाठ करवलं मी,
लग्नात तांदळावर लिहितात तसं.
एक उचंत खातं तेवढं बधलं नाही.
सस्पेन्स म्हटलं की पिक्चर आठवतो.
उचंत म्हटलं की
कुणीतरी काहीतरी उचलून हातात धरलंय,
ठेवायला जागा सापडेपर्यंत.

सप्टेंबरात मस्कासाथेत सुपारीच्या पेढीवर ऑडिट.
पोत्यांचा वास केसांत, डब्यातल्या भाजीत,
रात्री कॉस्टिंगच्या पुस्तकातही.
पेढीची लाल वही एक सांगे, कॉम्प्युटर दुसरं.
फरक पाचशे चाळीसचा.
तीन दिवस मी त्या पाचशे चाळीसच्या मागे.
सर म्हणाले, सोड, रक्कम किरकोळ आहे,
त्याला मटेरियालिटी म्हणतात, वाचलं नाहीस का?
वाचलं होतं. सुटत नव्हतं.

हेडाऊ काका, पेढीचे मुनीम,
चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली,
वहीतून मान वर न काढता म्हणाले,
"पोरी, नऊनं भाग जाते का पाय."
गेला. बरोब्बर साठ.
"मंग कोणीतरी आकडे उलटे लिवले."
हमालीच्या पानावर अठराशे वीस,
मशीनमध्ये बाराशे ऐंशी.
एन्ट्री माझीच होती.
काकांनी ते पाहिलं, आणि मला पाणी दिलं.

मार्च लागला. गल्लीत कुलर बाहेर निघाले,
जुना वाळा नालीच्या कडेला.
निकाल.
तीन पेपर, तीनशेपैकी एकशे सेहेचाळीस.
हवे दीडशे.
प्रणोतीचा ग्रुप निघाला.
ती माझ्यासमोर ओठ दाबून बसली, जणू तिचं कुणी गेलं,
म्हटलं, हस नं वं, पैसे लागत नाहीत.
मग ती रडली. तर्री-पोहे मात्र तिनेच दिले.

रात्री खुर्चीत बसून,
निव्वळ हाताच्या सवयीनं,
चारला नऊनं भागून पाहिलं.
जात नाही.
म्हणजे कुणी काही उलटं लिहिलं नाही.
तपासणारा झोपेत नव्हता, पोर्टल चुकलं नाही,
त्या सकाळी मांजर आडवं गेलं तेही कामाचं नाही.
कमी पडले ते खरोखरच कमी पडले.
विचित्र आहे, पण त्या रात्री झोप लागली.

दुसऱ्या दिवशी पेढीवर,
"किती?"
"चार."
काका गठ्ठ्याची सुतळी सोडत राहिले.
"मी सत्त्याहत्तरला पार्ट टूत रायलो. एकोणीसनं.
मंग इथं आलो, एका वर्षासाठी."
गाठ पक्की होती, दातांनी सोडावी लागली.
"हे चार कुठं टाकते आता?"
म्हटलं, उचंतात.
"उचंत मार्चअखेर रिकामं लागते, पोरी."

एकतीस तारखेला तेवीस दिवस होते.
मी पेनाचं टोपण काढलं
आणि हमालीच्या पानापासून सुरुवात केली.