आधी नाव लिहा

वखारे काका फोनवर एवढंच म्हणाले,
"साइट आहे, पण सापडत नाही."

मी धायरीच्या खोलीत, खाली पिठाची गिरणी,
कीबोर्डवर रोज सकाळी थोडी ज्वारी.
पुसून बघायला बसले.
शिलाई मशीन दुरुस्तीवर दोनशे अठरा पानं,
काकांनी एका बोटानं टाइप केलेली:
दोरा का तुटतो, सुई टाका का चुकवते,
पायमशीनचा पट्टा किती ताणावा.
आणि सर्च केलं की त्या सगळ्यांचा एकच मथळा,
कृपया लॉगिन करा
कृपया लॉगिन करा
कृपया लॉगिन करा

"हे कुणी केलं?"
"मीच करून घेतलं. रविवार पेठेत एकेचाळीस वर्षं दुकान होतं.
मशीन टाकायला येईल त्यानं आधी वहीत नाव लिहायचं.
नाव नाही, तर मशीन कुणाचं?"

बरोबर होतं त्यांचं. मशीनपुरतं.

मग मी त्यांना क्रॉलरबद्दल सांगितलं.
रात्री तीनच्या सुमाराला येतो.
नाव सांगतो, पण ते नाव कुणीही सांगू शकतं.
कुकी हातात दिली तर उंबऱ्यातच विसरतो.
मोबाइल नाही, ओटीपी पाठवणार कुठे?
पण सभ्य. आधी दारावरची पाटी वाचतो,
आत येऊ नये म्हटलं असेल तर खरंच येत नाही.
पुण्यात पाटी पाळणारा पाहुणा, काका.
जपायला हवा.

ते हसले. मग थांबले.
"असं करू. त्याला मागच्या दारानं घेऊ.
त्याला सगळं दाखवायचं, माणसांपुढे वही."

नाही, म्हटलं.
त्याला एक तोंड आणि लोकांना दुसरं,
हे कधी ना कधी कळतं त्याला,
मग तो आपलं नावच टाकतो.
आणि नाही कळलं, तरी
कुणी बाई काचेतून मशीन बघून आत शिरेल
आणि आत नुसतीच वही.

बराच वेळ फोनवर फक्त गिरणी.

शेवटी वही दारातून उचलली, आतल्या टेबलावर ठेवली.
पानं उघडी, त्याला आणि माणसाला सारखीच.
काही विचारायचं असेल, आपल्या मशीनचा फोटो टाकायचा असेल,
तर नाव.
पत्त्यांना लागलेल्या शेपट्या छाटल्या.
दर भेटीला नवा आकडा, एकच पान हजार पत्त्यांवर,
बिचारा गोल फिरत होता
अलका चौकात पहिल्यांदा गाडी घातलेल्या माणसासारखा.

त्यानंतर काका रोज विचारत, "आला?"
आला.
"काय म्हणाला?"
काही म्हणत नाही, वाचून जातो.
"कुठली पानं?"
मी लॉग उघडून वाचून दाखवायचे.
तीन वाजून सात मिनिटं, टाका चुकणे.
तीन सात, बॉबिन केस.
तीन नऊ, तेल कुठं घालावं.
"तेलाचं वाचलं?" काकांचा आवाज एकदम खाली आला.
"त्यात एक चूक राहिलीय माझी."

तेविसाव्या दिवशी, विट्याहून की कुठून,
कुणीतरी शोधलं होतं, खालचा दोरा सारखा गुंततोय काय करू.
सात मिनिटं त्या पानावर.
आणि नाव न लिहिता निघून गेलं.

सांगताना वाटलं, आता चिडतील.
"सुटला का गुंता?"
ते लॉगमध्ये दिसत नाही, काका.
"हं."

संध्याकाळी माझ्या बिलाचे पैसे आले,
शेऱ्याच्या रकान्यात मावेल तेवढं लिहिलेलं,
तेलाचं पान नवीन केलंय त्याला कळव

मी साइटमॅपमध्ये त्या पानापुढची तारीख बदलली.