लाल खुर्ची

खुर्ची आमच्याकडे असायची,
आमचं घर वाटेवरचं पहिलं म्हणून.
गावाने दहा-दहा रुपये काढून मनोहरपूरच्या बाजारातून आणली,
साहेबांसाठी. आमच्यातलं कुणी तिच्यावर बसत नसे,
एक कोंबडी सोडली तर.

एका पायाला तडा. पाहुणा कोण, त्यावर ठरायचं
तडा भिंतीकडे की उताराकडे.
जनगणनेची पोर दमून आली होती,
तिला फणसाच्या सावलीत दिली, पाणी दिलं.
वनरक्षकाला मात्र आंब्याखाली,
जिथे लाल मुंग्या पानं शिवून राहतात.

लाकूड कुणाचं? शेत कधी काढलं? कागद आहे?
आम्ही म्हणायचो, का.
आमची भाषा हो. तिच्यात का म्हणजे नाही.
त्याच्या बोलीत का म्हणजे काय,
म्हणून तो पुन्हा विचारायचा, मोठ्याने,
आणि आम्ही पुन्हा, का,
तोवर मुंग्या मोज्यांच्या वर पोचलेल्या असायच्या.

ब्लॉकच्या कचेरीत सगळं उलटं.
तिथे खुर्च्या रग्गड, आणि सासरे दोन वर्षं उभे.
दावा परत यायचा:
या नावाचं गाव आढळत नाही, पुरावा जोडा.
एकदा गुडघे दुखले म्हणून फरशीवर टेकले,
तर शिपाई म्हणाला, धर्मशाळा आहे का ही?

पुढच्या सोमवारी सासऱ्यांनी,
जांबिरा त्यांचं नाव,
खुर्ची डोक्यावर घेतली.
बावीस किलोमीटर, मध्ये दोन नाले.
बाबूच्या टेबलासमोर मांडली आणि बसले,
जपून, तडा सांभाळत.

बाबू उठून उभा राहिला.
खुर्ची कुणाची?
का.
कुठून उचललीस?
का.
बिल आहे?
का.

जप्त केली. नियमाप्रमाणे पावती फाडली:
प्लास्टिक खुर्ची, लाल, एक नग, पाय तडकलेला,
जांबिरा बोयपाई यांजकडून,
मुक्काम तिलाइगुटू.
खाली सही. गोल शिक्का, निळा.

वाचता येत नाही त्यांना. शाळेतल्या सेलायने वाचलं,
गावाच्या नावापाशी थांबला,
पुन्हा वाचलं.

झेरॉक्स दाव्याला जोडली.
मूळ पावती बांबूच्या नळीत, उडदाच्या बियाण्याशेजारी.
उत्तर अजून नाही.

परवा नवा वनरक्षक आला,
बसायला काही आहे का म्हणाला.
सासूबाई म्हणाल्या, होती की.
तुमच्याकडेच आहे.

बराच वेळ उभा राहिला,
आंब्याखाली.