ऐनवेळचा विषय

एक मेची ग्रामसभा. निंबखेडे, तालुका पारोळा.
शाळेच्या व्हरांड्यावरचा पत्रा तापून टकटक वाजत होता.
कोरमला शंभर डोकी लागतात. त्र्याण्णव भरली.
उरलेली सात कोतवालाने
पाणपोईवरून हाताला धरून आणली.
मी ग्रामसेवक. इतिवृत्त माझ्याकडे.

विषय एक ते आठ सरळ गेले:
गटार, हातपंप, स्मशानभूमीचा पत्रा,
बोरीच्या पात्रातली वाळू (यावर कोणी बोललं नाही).
मग अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचा, नववा:
गावचे सुपुत्र लेफ्टनंट कर्नल रघुवीर झुलाल बोरसे
यांना कर्नल करण्यास ही सभा मंजुरी देत आहे.

माझं पेन थांबलं.
म्हटलं, हे आपल्या हातात नसतं.
तिकडे दिल्लीला मंडळ बसतं, कागद बघतं,
तीनदा बघतं,
आणि तिसऱ्यांदाही नाव गळालं
की दार लागतं. आवाजसुद्धा होत नाही.

कौतिकआप्पांनी उपरणं झटकलं.
"दिल्लीले काय माहीत? पोऱ्या आमना शे.
गटारना ठराव आम्ही करतस,
मंग याना कसाले नही?"

कोणी विचारलं, कर्नल म्हणजे नेमकं किती वर?
निवृत्त हवालदार सुपडू निकम उठले.
फळ्यावर तेराचा पाढा होता, तो अर्धाच पुसला,
खडूने सिंह काढला. मांजरासारखा आला.
खाली एक तारा. म्हणाले, हा आत्ता आहे.
त्याखाली दुसरा काढला, जरा मोठाच.
"एवढंच."
शंभर माणसं त्या खडूच्या ताऱ्याकडे बघत राहिली.
तेरा नव्वे एकशे सतरा, त्याच्या शेजारी.

सूचक कौतिक दौलत पाटील.
अनुमोदक विचारलं, तर मागून,
चपलांच्या ढिगाजवळून केशरबाई उठली.
मला वाटलं, हात वर करतेय.
"मना मानूस सतरा वरीस फौजमा व्हता.
नायकच ऱ्हायना.
त्यानं नाव कोन्ही लिखं?"

पत्र्याचा आवाज तेवढा.
सरपंच माझ्याकडे बघू लागले,
जणू उत्तर माझ्या दप्तरात असावं.
हवालदार निकमांनी खडू खिशात टाकला,
मग परत काढला.
मी ओळ सोडून लिहिलं:
नऊ (अ). कै. नायक सोमा बारकू भिल, यांना
आणि पुढे काय लिहावं सुचेना.
"हवालदार," निकम म्हणाले. "माझ्याएवढा तरी करा."
कोणी हसलं नाही.
सर्वानुमते मंजूर.

मेच्या मध्यावर बोरसे साहेब आले.
काळी ट्रंक, पांढरी मिशी, पायात साधी स्लीपर.
कचेरीत बसले, ताक घेतलं, रजिस्टर मागितलं.
नववा ठराव वाचला. नऊ (अ) दोनदा वाचला.
सोमा त्यांच्या पलटणीत नव्हता,
तरी विचारलं: कुठे गेला, कशाने, कोणत्या साली.
मला माहीत नव्हतं. मला लाज वाटली.
जाताना म्हणाले, पान फाडू नका.
पाठवूही नका.

पण प्रत आधीच पंचायत समितीत गेली होती,
बाकीच्या आठ विषयांच्या पाठीवर बसून.
जूनमध्ये परत आली. लाल शाईत शेरा:
विषय अधिकारकक्षेबाहेर. खुलासा करावा.
तो खुलासा मी अजून करतोय.
तीन मसुदे झाले. तिन्हींत "चूक" हा शब्द येतो
आणि तिन्हींत मी तो खोडतो.

मधे एकदा केशरबाई आली, नक्कल मागायला.
म्हटलं, बाई, हा कागद चालत नाही कुठे.
"चालाडानाच नही," ती म्हणाली.
पदराच्या गाठीतून दहाची नोट काढून ठेवली.
मी नक्कल दिली. शिक्का जरा तिरका पडला.
ती दारापर्यंत गेली, परत वळली,
आणि उभीच राहिली.
दहा रुपयांची पावती हवी होती तिला.
त्यावर नाव कोणाचं, मी विचारलं.
तिने हुद्द्यासकट सांगितलं.