ओला काठ

जळगावात मे महिना.
कूलरमध्ये पाणी भरायची पाळी माझी होती,
ती विसरून मी समुद्र बघत बसले.

समुद्र म्हणजे पडद्यावरचे चौकोन.
दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद,
एकात आमचं प्रकाशाचं घर अंगणासकट मावेल.
खारफुटी लाल दिसते.
पहिल्या दिवशी वाटलं, जळतंय काहीतरी.
शिंपी सर म्हणाले, हिरवं, जिवंत असतं
तेच इथं लाल. मरायला लागलं की फिकुटतं.
हे वहीत लिहिलं नाही. लक्षातच राहिलं.

सुवाली, हजिरा, डुमस.
नावं तोंडपाठ, पाय एकदाही लागले नाहीत.
पॅसेंजरनं सात-आठ तासांवरचा समुद्र
मी सातशे ऐंशी किलोमीटर उंचीवरून पाहते
आणि तापी जिथं खारी होते
तिथली तिवरं मोजते.

नाना मोतीबिंदूसाठी आलेले.
एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसरा माझ्या पडद्यावर.
"काय दखी ऱ्हायनी वं?"
"समिंदर."
खुर्ची ओढून बसले.
मी दाखवलं: हे बघा, मागच्या वर्षी इथं पाणी होतं,
आता जमीन. चाळीस हेक्टर भर पडलीय.
पिवळ्यानं रंगवलंय. सरांची सही तेवढी बाकी.

नाना बराच वेळ गप्प.
मग पडद्याला बोट न लावता,
डोहातला मासा दाखवतात तसं, लांबूनच,
"हाऊ काठ इतला काया काबरं?"
"ओला असेल."
"मंग? ओला काठ म्हंजे पानी आत्तेच उतरनं.
ते गयं नही. ते परत येई."

भरती-ओहोटीचं कोष्टक
माझ्याच टेबलावर होतं, चहाच्या कपाखाली.
प्रतिमेची वेळ अकरा बारा.
ओहोटीचा तळ अकरा चाळीस.

नानांनी ओहोटी कधी पाहिलेली नाही.
बंधाऱ्याचे दरवाजे उघडले की
उघडा पडणारा गाळ पाहिलाय,
त्यात अडकलेली होडी,
आणि शेजारी तडफडणारी एक मरळ,
जी त्यांनी, सांगतात, पाण्यात परत टाकली होती.
माय म्हणते, टाकली नव्हती.

चार हजार चौकोन.
दुपारभर मी पिवळं पुसून निळं भरत होते.
एवढी जमीन कुणी कुणाला
इतक्या मुकाट्यानं परत केली नसेल.

"आपलं पानी पोचस का तठे?"
नानांनी विचारलं.
मध्ये उकाईची भिंत आहे, हे त्यांना माहीत आहे.
मला माहीत आहे, हेही.
मी प्रतिमा मोठी करत गेले,
आणखी मोठी,
नदी नुसता रंग होईपर्यंत.

मागं बादलीचा आवाज.
वजन उचलू नका म्हणून डॉक्टरनं बजावलं होतं,
तरी नाना कूलरमध्ये पाणी ओतत होते,
एक डोळा मिटलेला,
दुसऱ्यानं कड बघत.