वाटीखालची बांगडी

दारूखान्यात लोखंड पायागणिक.
जहाजाची साल सोलून रस्त्याकडेला टाकलेली,
नांगराच्या साखळीवर कुणाचं तरी बनियन वाळतंय,
आणि खाडीकडून वारा सुटला
की जिभेवर गंज,
न चाखता.

महानंदाच्या खोलीचं दारसुद्धा जहाजाचंच,
गोल खिडकीसकट.
त्या खिडकीखाली बसम्मा,
दहा महिन्यांची, आजीचं नाव लावणारी.
पापणी ओढून बघितली, आतून
तांदळाच्या धुवणासारखी.
बोटाला सुई टोचली तेव्हा रडली,
पण जरा उशिरा,
जणू कळ वाटेत कुठे पत्ता विचारत बसली.
वहीत लिहिलं : सात पूर्णांक दोन.

रेवणनं डोळ्यांवरचा काळा चष्मा वर केला.
"ताई, आख्खं जहाज कापतो मी.
माझ्या घरात लोखंड कमी?"
मी हसले. तोही.
मग दोघांनाही पुढचं हसू सापडेना.

बाहेर ते लोखंड, कागदावर लोह.
बाहेर टनावर जातं,
आत दिवसाला तांदळाची एक कणी, तीही जड होईल.
शेवटच्या तीन महिन्यांत
आई पोटातल्या बाळाला त्याची शिदोरी बांधून देते,
ती पुरते सहाएक महिने.
महानंदाकडे बांधायला होतं काय?
नववा लागला तरी चहात पाव.

सलढाणा डॉक्टरबाईंनी ट्रेनिंगला
खिशातून विजेच्या वायरचा तुकडा काढला होता.
म्हणाल्या, हे वरचं आवरण बघा,
डोक्यातल्या तारांवरही असंच चढतं,
पहिल्या दोन वर्षांत भराभर,
आणि ते चढवायला लोह लागतं.
नाही मिळालं तर निरोप गळतो.
आणि कानाच्या आत, खोल,
बोटाच्या पेराएवढी एक जागा आहे,
तिथे आठवण मुरते, लोणच्यासारखी.
आम्ही लिहून घेतलं. लोणचं हा शब्दसुद्धा.

मी हातातली बांगडी काढली,
बसम्मासमोर धरली, वाजवली,
तिच्या देखत वाटीखाली ठेवली.
ती वाटीकडे बघत राहिली थोडा वेळ,
मग माझ्या तोंडाकडे.
हात पुढे आला नाही.
एका खेळावरून काही ठरत नसतं,
हे मला पाठ आहे.

माझा प्रज्योत बावीसचा.
साता आठे अजून अडखळतो.
दुकानातून फोन करतो,
आई, दुसरं काय सांगितलं होतंस?
त्याच्या वेळी मी पाटीवरची पेन्सिल खायचे,
भिंतीचा चुना नखानं काढून.
सासूबाई म्हणायच्या, डोहाळे.
त्यामुळेच झालं असं कुणी म्हणालेलं नाही.
मी विचारलेलंही नाही कुणाला.

बाटली दिली, ड्रॉपर दाखवला.
शी काळी होईल, घाबरू नकोस.
नाचणीच्या खिमटीत लिंबाचे दोन थेंब.
तूही गोळी घे, आणि चहा
गोळीच्या आसपास नको, जेवणावर तर नकोच.
"चहा सोडू?" महानंदा म्हणाली,
लोखंडाचे चणे खायला सांगितल्यासारखी.

रेवण मध्येच उठला, म्हणाला,
मग या पत्र्याचाच तवा करतो की, फुकटात.
मी जवळजवळ ओरडले.
त्या रंगात शिसं असतं, बाबा.
ते लोहाच्या जागेवर जाऊन बसतं
आणि उठत नाही.
बाजारातला साधा तवा आण, बिनरंगाचा.
तो हातातल्या पत्र्याकडे बघत राहिला,
इतकी वर्षं ओळखीच्या माणसानं
आज खोटं नाव सांगितल्यासारखा.

रे रोडच्या पुलावर आल्यावर
मनगट हलकं लागलं.
बांगडी वाटीखालीच.

परत नाही गेले.
पुढच्या मंगळवारी बघू,
आधी कुणाला आठवते.