चार की बावन्न

पहाटे तीनला डिस्क भरली.
हळदीच्या सौद्याचा दिवस, यार्डाबाहेर ट्रॅक्टरांची रांग,
भुईकाट्यावर एक गाडी चढलेली, इंजिन बंद,
आणि पावती निघेना.

विश्रामबागेतून आले स्कूटीवर, गाऊनवर स्वेटर चढवून.
एक्केचाळीस जीबीची एकच फाईल.
उघडू गेले तर स्क्रीनच धापा टाकायला लागली.
मग शेपटाकडून पाहिली:

काटा शून्यावर नाही
काटा शून्यावर नाही
काटा शून्यावर नाही

सेकंदाला वीस वेळा, गेल्या आषाढापासून.
मी फाईल रिकामी केली. पावती निघाली.
एक हमाल म्हणाला, प्वाट साफ झालं म्हना.
मीही हसले.

साडेदहाला तुंगच्या अक्काताई मगदूम आल्या.
हातात थर्मल कागदाची काटापट्टी, घामानं, उन्हानं
पार कोरी झालेली.
दसऱ्याआधीचं वजन. सात क्विंटल का साडेसात,
तेवढं बघून सांगा, अडत्या ऐकंना झालाय.
ते वजन त्या फाईलीत होतं.
तक्रारींच्या ढिगात कुठंतरी, एका ओळीत.
मी त्यांना पाणी दिलं.

दुपारी सेटिंग उघडलं.
आधीच कुणीतरी लिहून ठेवलेलं:
आठवड्याला एकदा फिरव. चार ठेव. पाचवी टाकून दे.
कोण हा चारवाला? कुठल्या गावचा?
त्याच्याकडं कधी कुणी दसऱ्याचं वजन
फाल्गुनात मागायला आलं नसणार.
कुणी काही बोललं नाही की जे होतं, ते हे.
गॅसच्या कार्डावर माझं आडनाव असंच बदललं.

तवनाप्पा गोदामातून चहा घेऊन आले.
तरुणपणी हरिपूरच्या पेवांवर होते,
जमिनीखाली हळद, वर शेणामातीचं तोंड लिंपलेलं.
पेव उघडलं की आधी कंदील सोडायचा दोरीनं,
विझला तर माणूस उतरवायचा नाही.
मी विचारलं, किती दिवस ठेवायचा हो माल?
बशीत फुंकर घालत म्हणाले,
'किती टिकतिया ते इच्यारू नगा बाई.
परत मागाया कोन येनार हाय, त्ये इच्यारा.'

मग एकेक ओळ लिहीत गेले.
फाईल सापडली नाही, तर ओरडू नकोस.
रिकामी असेल, तर उगाच फिरवू नकोस.
जुनी दाबून ठेव, पण कालची अजून दाबू नकोस,
तिच्यात कुणीतरी अर्धं वाक्य लिहीत असेल.
नवी उघड त्याच नावानं, त्याच मालकाची.
काट्याच्या कुरकुरी एका फाईलीत,
वजनं वेगळ्या.
कुरकुरींना चार.
वजनांना
इथं बराच वेळ बोट थांबलं.
दसरा ते दसरा.
बावन्न.

डिस्कला परवडेल का, गुणाकार केला. परवडतंय.
मग वरती, मशीन वाचत नाही अशी एक ओळ:
बावन्न का, ते तवनाप्पांना विचारा.
तवनाप्पा दिवाळीला रिटायर होतायत.
ओळ खोडली, पुन्हा लिहिली:
अक्काताई मगदूम, तुंग. सात का साडेसात.
एवढ्यावरून पुढच्याला काय कळणार, माहीत नाही.
तशीच ठेवली.

रविवारी सकाळी घरूनच पाहिलं.
पहिली फाईल फिरली होती, मागे एक आकडा लावून
बाजूला झालेली, निमूट.
नवी उघडलेली. शून्य बाइट.
मी चहा ओतून घेईपर्यंत तिच्यात पहिली ओळ आली:

काटा शून्यावर नाही

काट्याच्या मेकॅनिकचा नंबर शोधला.
रविवार. उचलला नाही.